इंग्रजी शब्दांची शिदोरी आणि मुलचेऱ्याची मुले

२०२५ च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकविण्याचा आदेश काढला. जूनमध्ये त्यात फेरफार केला आणि जूनच्याच अखेरीस, राज्यभर उसळलेल्या विरोधानंतर, दोन्ही आदेश मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या अडीच महिन्यांत सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर किती भाषांचा भार घालावा, यावर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. प्रश्न योग्यच होता. परंतु वाद घालणाऱ्या बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: मुलाची पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, आणि भांडण काय ते तिसरीचे. आमच्या धर्मप्रांताच्या पूर्वेकडील वनप्रदेशात हे गणित मुळातच जुळत नाही. मुलचेरा तालुक्यातील अनेक मुलांना शाळेच्या पायरीवर भेटणारी मराठी हीच दुसरी किंवा तिसरी भाषा असते, आणि इंग्रजीचा क्रमांक त्याहूनही मागे लागतो. त्यामुळे या मुलांच्या पदरी इंग्रजी शब्द कसे पडावेत, याचे उत्तर मुंबई-पुण्याच्या चर्चेतून उचलून आणता येणार नाही. ते येथील मुलांकडे पाहूनच शोधावे लागेल.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याच्या बारा तालुक्यांतील लहान तालुक्यांपैकी मुलचेरा हा एक. गोंड व माडिया ही येथील मूळची माणसे. त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी गावे आहेत, दक्षिणेकडून तेलुगूचा वावर आहे, आणि पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेल्या कुटुंबांना गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत शासनाने येथे जमिनी देऊन वसविल्यापासून बंगालीही येथलीच झाली आहे. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावांची नावेच त्या इतिहासाची साक्ष देतात. आठवडी बाजारात तासभर उभे राहिले तर पाण्याला कोणी 'एर' म्हणताना ऐकू येते, कोणी 'जोल', कोणी 'नीळ्ळु', तर कोणी 'पाणी'. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या कानांवरून हे चारही शब्द जातात आणि ते मूल गोंधळत नाही. ज्या माणसाशी जो शब्द चालतो, तो त्याच्यापाशी वापरावा, एवढे शहाणपण त्याला शाळेत जाण्यापूर्वीच आलेले असते. महानगरातील एकभाषी घरात वाढलेल्या मुलापेक्षा हे मूल भाषेच्या व्यवहारात अधिक तरबेज म्हटले पाहिजे. शाळेच्या दप्तरी मात्र त्याची नोंद बहुधा 'भाषेत कच्चे' अशी होते.

पालकांचे म्हणणे, ते कोणत्याही भाषेत बोलोत, एकच असते: आमचे मूल इंग्रजी शिकले पाहिजे. ही मागणी हसण्यावारी नेण्याची रीत सुशिक्षितांत आहे, आणि हसणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा इंग्रजी माध्यमातच असतात. मुलचेऱ्याचे पालक डोळे उघडे ठेवून बोलत आहेत. आष्टी-आलापल्ली रस्त्यावरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक २०२१ नंतर कसे वाहू लागले ते त्यांनी पाहिले आहे. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे पोलादाचा प्रकल्प उभा राहतो आहे, हेही ते जाणतात. यंत्रावरची सूचना, सुरक्षेची पाटी, अर्जाचा नमुना, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर यांतले पुष्कळ काही इंग्रजीतच असते. जमीन ज्यांची आणि जंगल ज्यांचे, त्यांच्याच मुलांनी त्या फाटकावर केवळ पहारेकरी म्हणून उभे राहावे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. येथील बंगाली कुटुंबांपैकी पुष्कळ जण नमःशूद्र समाजातील आहेत. त्या समाजाचे पुढारी गुरुचांद ठाकूर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियन बॅप्टिस्ट मिशनरी सी. एस. मीड यांच्या साहाय्याने ओराकांदी या आपल्या गावी इंग्रजी शाळा उभी करून घेतली होती. म्हणजे इंग्रजीची ही ओढ कालपरवाची नाही, आणि ती केवळ नक्कलही नाही. अपमानाच्या आयुष्यातून बाहेर पडण्याची वाट म्हणून या लोकांनी तिच्याकडे तीन-चार पिढ्या पाहिले आहे.

मागणी रास्त आहे हे एकदा मान्य केले, की पुढचा प्रश्न येतो तो रीतीचा. महाराष्ट्रात २००० सालापासून, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाले. त्या पहिल्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. पाव शतकानंतर हाती काय आले? 'असर' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२२ साली असे आढळले की, ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचू शकणारी मुले २४.५ टक्के, म्हणजे चारांत एक एवढीच होती. २०१६ मध्येही प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. याच संस्थेने २०२३ साली देशातील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. त्या जिल्ह्यांत गडचिरोली नव्हता, तरी निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, परंतु वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. उरलेली मुले अक्षर न् अक्षर बरोबर उच्चारीत होती. आपण काय उच्चारीत आहोत, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

आम्हांस या सर्व आकड्यांत हाच आकडा सर्वांत बोलका वाटतो. मुळाक्षरे शिकविण्यात आपण थोडेफार यशस्वी झालो आहोत. शब्द देण्यात कमी पडलो आहोत.

या संदर्भात एका विस्मृतीत गेलेल्या इंग्रज शिक्षकाची आठवण करून देणे उचित होईल. मायकेल वेस्ट हे १९२० च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख होते. आज मुलचेऱ्यात राहणाऱ्या बंगाली कुटुंबांचे पणजोबा ज्या पूर्व बंगालात नांदत होते, तेथीलच ही गोष्ट. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि मध्येच शाळा सोडतात, तेव्हा त्यांच्या हाती नेमके काय उरते, हा प्रश्न वेस्ट यांना पडला. १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी विमा-व्यवहारातील एक शब्द शिक्षणाला लावला: सरेंडर व्हॅल्यू. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वीच सोडली तर जी रक्कम हाती पडते, ती. शिक्षणक्रमही असा असावा की शेवटपर्यंत न पोहोचणाऱ्यालाही, त्याने जेथे सोडले तेथपर्यंतचे काहीतरी उपयोगी पडावे. त्या काळचा इंग्रजीचा अभ्यासक्रम पदवीपर्यंत जाणाऱ्या मूठभरांसाठी आखलेला होता, आणि मध्येच गळणाऱ्या बहुसंख्यांच्या हाती त्यातून शून्य पडत असे.

वेस्ट यांनी मग वाचनाची पुस्तके तपासली. त्यांना दिसले की एकेका पानावर नव्या शब्दांची गर्दी आहे, आणि आलेला शब्द पुढे पुन्हा भेटतच नाही. त्यांनी दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे शब्द घातले, नवे शब्द दूर दूर पेरले आणि प्रत्येक शब्द पुढच्या मजकुरात वारंवार येईल अशी योजना केली. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही इंग्रजीच्या अध्यापनात आधाराला घेतली जाते. दोन हजार शब्द ही संख्या घाबरविणारी नाही. पहिली ते सातवी या सात वर्षांत ती भागली, तर शाळेच्या दर दिवशी दीड शब्दही पडत नाही.

आता हीच सरेंडर व्हॅल्यूची फूटपट्टी मुलचेऱ्याला लावून पाहावी. येथील मुलाच्या शाळेत खंड पडतो तो आळसामुळे नव्हे. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यासाठी सारे घर जंगलात असते. जानेवारीनंतर कित्येक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात आणि लहान मुले आईबरोबर निघतात. पावसाळ्यात नाले भरले की काही पाड्यांचा रस्ताच तुटतो. अशा मुलाला 'तू दहा वर्षे टिकलास तर तुला इंग्रजी येईल' असे सांगणे म्हणजे न मिळणाऱ्या रकमेची पावती देणे होय. त्याला पहिलीच्या अखेरीस, दुसरीच्या अखेरीस, जेथे थांबेल तेथे, मोजता येण्याजोगे काही हाती पडले पाहिजे.

याच फूटपट्टीने आणखी एक गोष्ट मोजावी लागेल, आणि येथे आमचे मत काहींना रुचणार नाही. आदिवासी मुलांना शहरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत अगदी पहिलीपासून पाठविण्याची शासकीय योजना २०१० मध्ये सुरू झाली. हेतू चांगला आहे आणि काही मुलांचे त्यातून कल्याण झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सहा वर्षांचे माडिया मूल ज्या दिवशी दोनशे-तीनशे किलोमीटर दूरच्या वसतिगृहात जाते, त्या दिवसापासून त्याला रडू आले तरी ते सांगण्यासाठी शब्द नसतो. त्याची गोंडी तेथे कोणी जाणत नाही, मराठी अर्धवट असते, इंग्रजी अजून आलेली नसते. वर्ष-दोन वर्षांत परत आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. आजीशी बोलताना ती अडखळतात आणि इंग्रजीत विचारले तर नाव सांगून थांबतात. त्यांची सरेंडर व्हॅल्यू उणे झालेली असते. नवे मिळाले नाही आणि जुने झिजले. जी मुले घरच्या भाषेत पक्की होऊन, दहा-अकराव्या वर्षी अशा शाळांत जातात, त्यांची गोष्ट वेगळी. योजना बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. वयाची अट वर न्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नवा शब्द कोठे रुजतो?

इग्लूपासून सुरुवात करू या. 'आय' या अक्षरासाठी बर्फाचे घर आणि 'एक्स' साठी झायलोफोन नावाचे वाद्य, ही चित्रे आपल्या बालवाडीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे आहेत. मुलचेऱ्याच्या मुलाने बर्फाचे घर पाहिलेले नाही, ते वाद्य तर त्याच्या बाईंनीही पाहिलेले नाही. येथे मुलाला दोन ओझी एकदम उचलावी लागतात: अनोळखी वस्तू आणि तिचे अनोळखी नाव. याउलट हातपंपावर घागर भरताना 'वॉटर' हा शब्द कोणी उच्चारला, तर मुलाला शिकायचे काय, तर ओळखीच्या वस्तूचे आणखी एक नाव. चार नावे त्याला येतातच, हे पाचवे. शब्दसंग्रह वाढविण्याचे सारे मर्म यात आहे असे आम्हांस वाटते. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ च्या सुमारास मांडलेला विचारही याच दिशेचा आहे: घरच्या भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत सहज उतरते, आणि पहिलीत कच्ची राहिलेली कल्पना दुसरीतही कच्चीच राहते. युनेस्कोने तर १९५३ सालीच आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून असावे असा निर्वाळा दिला होता. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे तेच सांगितले आहे. 'शक्य तेथे' या दोन शब्दांच्या आड गोंडी मात्र अलगद निसटते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तीस लाख भाषक असूनही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ साली गोंडीतून शिकविणारी शाळा स्वतःच्या बळावर काढली, तर शिक्षण खात्याने ती विनापरवाना ठरविली.

दुसरी गोष्ट अशी की मूल रिकाम्या हाताने येत नाही. बस, ट्रक, टायर, मोबाइल, चार्जर, रिचार्ज, टॉवर, बिस्किट, डॉक्टर, इंजेक्शन, बॅट, बॉल, आउट, सोलर, रेशन कार्ड हे शब्द मुलचेऱ्याच्या कोणत्याही पाड्यावरील पाच वर्षांच्या मुलाला ठाऊक असतात. नीट मोजायला बसले तर शंभर सहज भरतील. ते इंग्रजी आहेत हे कोणी त्याला सांगितलेले नसते, एवढेच. पहिल्या आठवड्यात शिक्षिकेने मुलांकडूनच हे शब्द काढून घेतले आणि फळ्यावर चित्रांसह मांडले, तर 'मला इंग्रजी येते' या विश्वासाने वर्षाची सुरुवात होईल. यात गमतीही निघतात. आमच्या भागात पाण्याच्या विंधनविहिरीला सारे गाव 'बोरिंग' म्हणते. त्याच शब्दाचा इंग्रजीत 'कंटाळवाणे' असाही अर्थ आहे हे कळल्यावर मोठी मुले जी हसतात, ती तो शब्द जन्मात विसरत नाहीत. 'लाइट गेली' मधील लाइट म्हणजे वीजपुरवठा आणि इंग्रजीतला लाइट म्हणजे उजेड, हा फरकही असाच खेळता खेळता सांगता येतो.

काही ठिकाणी मुलाची भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत असते, तेही त्याला कळू द्यावे. शेतातले धान, कणगीतले तांदूळ आणि ताटातला भात यांपैकी शेवटच्या दोहोंना इंग्रजी एकाच शब्दात गुंडाळते. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना, किंवा बंगाली घरातील पिशी, माशी, काकी, मामी यांना, ती 'आंट' या एकाच नावाने हाक मारते. मुलाने येथे 'असे कसे?' म्हणून विचारले तर शिक्षकाने दटावू नये. हे विचारणे म्हणजेच भाषा शिकणे होय.

तिसरी गोष्ट पुनरावृत्तीची. एक शब्द एकदा ऐकून राहत नाही. निरनिराळ्या प्रसंगी तो दहा-बारा वेळा तरी भेटावा लागतो, असे भाषा-अध्यापनाच्या अभ्यासकांचे साधारण मत आहे. पंचवीस शब्दांची यादी पाठ करवून शुक्रवारी शब्दलेखन घेतले, तर सोमवारी पाटी पुन्हा कोरी होते. सेमिनरीत ग्रीक शब्दांच्या याद्या घोकलेल्या आमच्या पिढीच्या धर्मगुरूंना हे वेगळे सांगावयास नको. याद्या केव्हाच विरल्या. शुभवर्तमानाच्या मजकुरात पुन्हा पुन्हा भेटलेले शब्द तेवढे टिकले. म्हणून दिवसाला तीन-चारच शब्द घ्यावेत, परंतु तेच शब्द प्रार्थनेच्या रांगेत, खिचडीच्या पंक्तीत, खेळाच्या मैदानावर दिवसभर वापरावेत. नामांइतकीच क्रियापदे द्यावीत: ये, बस, धू, पी, आण, उघड. मूल ती ऐकून तशी कृती करू लागले की अर्थ समजला याची दुसरी परीक्षा घेण्याची आवश्यकता उरत नाही. बोलण्याची घाई करू नये. बंगाली मुलाच्या तोंडी 'व' चा 'भ' आणि 'झेड' च्या ध्वनीचा 'ज' झाला, तरी आरंभी कान टवकारू नयेत. उच्चार पुढे सुधारतो, हिरमुसलेले मूल मात्र तोंड मिटून घेते.

गोष्टींची पुस्तके हवीतच. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संग्रहात मराठी, बंगाली, तेलुगू, इंग्रजी आणि गोंडी अशा भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात. तेच चित्र, तीच गोष्ट, भाषा निरनिराळ्या. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल. एकच गोष्ट प्रथम घरच्या भाषेत सांगावी, दुसऱ्या दिवशी मराठीत, तिसऱ्या दिवशी इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी मुलाला कथा ठाऊकच असते, त्यामुळे त्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते. बालभारतीनेही २०२२-२३ च्या सुमारास मराठी माध्यमाच्या पहिलीसाठी द्विभाषिक पुस्तके काढून मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द दिला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. गोंडी व बंगाली घरांतील मुलांसाठी मात्र त्या दोन रकान्यांच्या अलीकडे आणखी एक रकाना लागतो, आणि तो छापखान्यातून येणार नाही. तो गावातच भरावा लागेल.

मोबाइलविषयी पालक वारंवार विचारतात. इंग्रजी गाणी आणि कार्टून लावून दिले की मूल आपोआप शिकते काय? अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली केलेला प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषक व्यक्तीने समोर बसून खेळत बोलल्यावर ती बाळे त्या भाषेतील ध्वनी ओळखू लागली. तोच मजकूर चित्रफितीवरून दाखविला तेव्हा काहीच फरक पडला नाही. प्रयोग तान्ह्या बाळांवरचा होता आणि शब्दांचा नव्हे, ध्वनींचा होता. तरी उत्तर देणारा माणूस समोर असणे किती महत्त्वाचे, हे त्यातून दिसते. आईला इंग्रजी येत नसेल तर तिने आपल्या भाषेतच भरपूर बोलावे, पाखरांची, माशांची, झाडांची नावे सांगावीत आणि संध्याकाळी मुलाला म्हणावे, 'आज शिकलास ते मला शिकव.' शिकविताना शब्द जेवढा पक्का होतो तेवढा शिकताना होत नाही. निरक्षर आजी ही या कामी उत्तम विद्यार्थिनी आहे.

ख्रिस्तसभेचे काम

आमचा चांदा धर्मप्रांत १९६२ साली स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आली. त्या संघाचे संस्थापकांपैकी एक, संत कुरियाकोस एलियास चावरा यांनी १८४६ साली केरळातील मान्नानम येथे संस्कृत शाळा काढली आणि पुढे व्हिकर जनरल असताना प्रत्येक चर्चशेजारी शाळा असावी असा आग्रह धरला. ही परंपरा घेऊन आलेल्या मिशनरींनी या वनप्रदेशात काय उभे केले, ते येथील लोक जाणतात. परंतु आज 'कॉन्व्हेंट' हा शब्द बाजारात कोणीही कोणत्याही पाटीवर लावतो. टाय, बूट आणि वार्षिक संमेलनात एका दमात म्हटलेली इंग्रजी बडबडगीते एवढ्यालाच लोक इंग्रजी शिक्षण समजू लागले आहेत. टाळ्या वाजविणाऱ्या पालकांनी खाली उतरलेल्या मुलाला त्या गीताचा अर्थ एकदा विचारून पाहावा.

आपल्या धर्मात शब्द आणि अर्थ यांची अशी फारकत कधी मान्य झालेली नाही. संत मार्क यांनी शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले. पण याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभू येशूने हाक मारून उठविले, तो प्रसंग सांगताना त्यांनी त्या मुलीच्या घरचे अरामी शब्द जसेच्या तसे ठेवले आणि लगेच त्यांचा अर्थ दिला. परक्या वाचकासाठी मूळ शब्द पुसून टाकला नाही आणि अर्थाविना लटकतही ठेवला नाही. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापून निघाले. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाने मराठीत काव्य करण्याइतके शब्द कमावले, ते लोकांत राहून, त्यांच्या वस्तूंना त्यांच्याच नावांनी ओळखून. व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनापत्राने लोकभाषांना वेदीपाशी स्थान दिले. तेव्हा आमच्या बालवाडीत गोंडी किंवा बंगाली बोलले म्हणून मुलाला गप्प बसविले जात असेल, तर ते आमच्या परंपरेत बसत नाही.

म्हणून येत्या जूनसाठी आमची काही मागणी आहे. शासनाकडे ही की, मुलचेरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतील पहिली-दुसरीच्या वर्गांना गावातीलच एक गोंडी किंवा बंगाली जाणणारी तरुणी मानधनावर साहाय्यक म्हणून मिळावी. बारावी झालेल्या आणि कामाच्या शोधात असलेल्या मुली येथे गावोगाव आहेत. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ साली पुढे आला होता. वनप्रदेशात त्याचा अर्थ सहा वर्षांच्या मुलाने नाला ओलांडणे असा होतो, हेही ध्यानात असावे. आपल्या धर्मग्रामांकडे व धर्मभगिनींकडे ही की, रविवारच्या धर्मशिक्षणानंतर अर्धा तास सर्व धर्मांच्या मुलांसाठी चित्रकथावाचन ठेवावे. त्यासाठी निराळा निधी लागत नाही. एक सभागृह, दहा-वीस छापून घेतलेली पुस्तके आणि वाचून दाखविणारी दोन माणसे पुरतात.

आणि प्रत्येक मुलाची एक शब्दवही असावी. एका पानावर एक चित्र, त्याखाली घरचा शब्द, मग मराठी, मग इंग्रजी. चित्र मुलाने स्वतः काढावे. गोंडी वा बंगाली शब्द देवनागरीत लिहून घ्यावा. तो अचूक आहे की नाही हे आजीला वाचून दाखवून ठरवावे. वर्षाला दीडशे पाने भरली तरी पुष्कळ झाले. ही वही शाळेच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलाच्या घरीच राहू द्यावी, म्हणजे जानेवारीत कुटुंब मिरची तोडायला तेलंगणात निघाले की भांड्यांच्या गाठोड्यात तीही जाईल आणि तेथे तिच्यात आणखी एका भाषेची ओळ भरता येईल.